टेस्टिंगची टाइमशीट आणि आळशी अंदाज

२०१९च्या फेब्रुवारीत मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. जळगावला हॉस्टेलवर आम्ही चार मैत्रिणी फॉर्म्युला वन बघायचो, एकाच मोबाइलवर, एकीचा डेटा संपला की दुसरीचा. त्या वर्षी बार्सिलोनाजवळच्या सर्किटवर हंगामाआधीची आठ दिवसांची टेस्टिंग झाली. शेवटी जी टाइमशीट निघाली तिच्यात सगळ्यात वर फेरारीचा सेबास्टियन व्हेटेल होता, १ मिनिट १६.२२१ सेकंद. त्याच्याखाली मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन, १ मिनिट १६.२२४. मी जे काही वाचलं-ऐकलं त्यात बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, यंदा फेरारी. मी लगेच पैज लावली. फेरारी पहिली रेस जिंकली नाही तर भरीत-पुरीची पार्टी माझ्याकडून.

१७ मार्चला मेलबर्नला मर्सिडीजचा व्हाल्टेरी बोटास जिंकला. दुसरा हॅमिल्टन, तोही वीस सेकंद मागे. व्हेटेल चौथा आला, विजेत्यापासून जवळजवळ एक मिनिट लांब. त्यानंतर पहिल्या आठच्या आठ रेस मर्सिडीजने घेतल्या. फेरारीचा पहिला विजय आला तो थेट १ सप्टेंबरला बेल्जियममध्ये, हंगामाच्या तेराव्या रेसला. भरीत मी चारलं. वांगी तेव्हा स्वस्त होती, एवढंच नशीब.

पैज हरले याचं मला आज काही वाटत नाही. अंदाज चुकतातच. पण पुढे पीएच.डी.ला लागल्यावर तीच चूक मी माझ्या स्वतःच्या डेटावर केली, सहा महिने केली, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की त्या फेब्रुवारीतल्या भाकितांत नेमकं काय सडलेलं होतं. म्हणून आज हंगामाआधी निघणाऱ्या त्या 'पॉवर रँकिंग'ची जरा झडती घेऊ. पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या ज्या मंडळींच्या शीर्षकात 'प्रेडिक्शन' हा शब्द आहे, त्यांनी जरा लक्ष देऊन वाचा. मोटर रेसिंग आवडत नसेल तरी चालेल.

आधी त्या दोन आकड्यांकडे बघा. फरक ०.००३ सेकंद. आता या खेळातला एक ढोबळ हिशोब आहे, तो सगळ्याच टीमना माहीत असतो. बार्सिलोनासारख्या सर्किटवर गाडीत दहा किलो इंधन जास्त असेल तर एका लॅपला साधारण ०.३ सेकंद जास्त लागतात. म्हणजे एक किलोला ०.०३, आणि शंभर ग्रॅमला ०.००३. शंभर ग्रॅम पेट्रोल म्हणजे किती? एक कटिंग चहा. त्या दोन गाड्यांतलं अंतर एका कटिंगएवढं होतं. त्या वेळी रेसच्या सुरुवातीला गाडीत शंभर किलोच्या वर इंधन भरता यायचं, आणि टेस्टिंगच्या दिवशी कोणाच्या टाकीत किती आहे हे कोणतीही टीम सांगत नाही. वर टायरचा प्रकार वेगळा, इंजिन किती ताकदीवर चालवलं ते गुपित, सकाळचा गार रस्ता आणि दुपारचा तापलेला रस्ता वेगळा. मोजमापातली अनिश्चितता एका सेकंदाच्या घरातली, आणि निष्कर्ष एका सेकंदाच्या हजाराव्या भागावर. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये असं लिहिलं असतं तर सरांनी वही फेकली असती.

माझा मावसभाऊ धुळ्याला आग्रा रोडजवळ गॅरेजवर काम करतो. त्याला मी हे सगळं टायर, इंजिन मोडसकट मोठ्या उत्साहाने समजावलं. तो स्पार्क प्लग पुसत ऐकत होता. म्हणाला, "रिकामी गाडी कोनी बी पयाडी. भरेल गाडी लळिंगना घाटमा चढाव, मंग सांग." ज्यांना अहिराणी कळत नाही त्यांच्यासाठी: रिकामी गाडी कोणीही पळवेल, भरलेली गाडी लळिंगच्या घाटात चढवून दाखव, मग बोल. मला जे समजावायला पंधरा मिनिटं लागली ते त्याचं दोन वाक्यांत झालं.

पण गंमत अशी की 'टाइमशीट खोटी असते' हा धडा घेऊनसुद्धा माणूस तितकाच फसतो. २००१ची टेस्टिंग बघा. प्रॉस्ट नावाची टीम होती, चार वेळचा विश्वविजेता अलाँ प्रॉस्ट याची. पैशांची ओढाताण चाललेली. हिवाळी टेस्टिंगमध्ये त्यांची गाडी एकदम वर दिसायला लागली. हंगाम संपला तेव्हा टीमच्या खात्यावर एकूण ४ गुण होते आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत टीम बंद झाली. प्रायोजक मिळवायला हलकी गाडी पळवून दाखवतात, हे मग सगळ्यांनी मनात पक्कं करून ठेवलं.

आठ वर्षांनी, २००९. होंडाने डिसेंबर २००८ मध्ये खेळ सोडला. त्या टीमचा प्रमुख रॉस ब्रॉन याने मार्चमध्ये टीम स्वतःच्या नावावर घेतली. गाडी जवळजवळ कोरी पांढरी, अंगावर प्रायोजकांची नावं नाहीत. ९ मार्चला बार्सिलोनात उतरली आणि काही दिवसांतच सगळ्यांच्या पुढे. अनेकांनी मान डोलावली, बघा, प्रॉस्टसारखंच, हलकी पळवताहेत. २९ मार्चला मेलबर्नला ब्रॉनच्या गाड्या पहिली आणि दुसरी. पहिल्या सातपैकी सहा रेस जेन्सन बटनने जिंकल्या, आणि वर्षअखेर चालक आणि संघ अशी दोन्ही अजिंक्यपदं त्यांची.

दोन्ही वेळा बाहेरून दिसणारा पुरावा अगदी एकच होता. पैशांची अडचण असलेली टीम, टेस्टिंगमध्ये अनपेक्षित वेग. उत्तर मात्र उलटं. म्हणजे त्या पुराव्यात उत्तर नव्हतंच. एकदा तो खरा मानून फसलो, एकदा खोटा मानून. आपल्या प्रयोगशाळेत अशा मापाला आपण काय म्हणतो? ज्या दोन गोष्टींत फरक करायचा, त्या दोन्हींना सारखंच रीडिंग देणारं यंत्र.

आता मुख्य तक्रारीकडे येते. या रँकिंग लेखांची खरी खोट टाइमशीटवर विश्वास ठेवण्यात नाही. ती आहे तुलना न करण्यात. मी डझनावारी असे लेख वाचले असतील, पण 'आमचा अंदाज कशापेक्षा चांगला?' असा प्रश्न स्वतःला विचारलेला लेख माझ्या वाचण्यात नाही.

एक आळशी अंदाज घ्या. टेस्टिंग बघायची नाही, इंजिन कळून घ्यायचं नाही. गेल्या वर्षीची गुणतालिका उचलायची आणि यंदाही हीच राहील म्हणून चिकटवायची. बस. इंग्रजीत ज्याला बेसलाइन म्हणतात ती हीच. हा अंदाज किती चुकतो? वहीवर करता येईल असा हिशोब आहे, करून बघू.

२०१८चा शेवटचा क्रम असा होता: मर्सिडीज, फेरारी, रेड बुल, रेनॉ, हास, मॅक्लारेन, रेसिंग पॉइंट, साउबर, टोरो रोसो, विल्यम्स. २०१९च्या शेवटी: मर्सिडीज, फेरारी, रेड बुल, मॅक्लारेन, रेनॉ, टोरो रोसो, रेसिंग पॉइंट, अल्फा रोमिओ (म्हणजे साउबरच, नाव बदललं), हास, विल्यम्स. प्रत्येक टीम किती जागा हलली ते मांडा. रेनॉ १, हास ४, मॅक्लारेन २, टोरो रोसो ३. बाकी सहा टीम जागच्या जागी. दहांत सहा अचूक! सरासरी चूक बरोबर एक जागा. स्पिअरमनचा क्रमसहसंबंध काढायचा तर फरकांचे वर्ग करून बेरीज करा, १ + १६ + ४ + ९ = ३०. सहाने गुणा, १८०. दहा टीमसाठी दहा गुणिले नव्व्याण्णव, म्हणजे ९९० ने भागा आणि उत्तर एकातून वजा करा. ०.८२ येतात. क्रम हुबेहूब जुळला तर १ येतो, काहीच संबंध नसेल तर शून्याच्या आसपास, हे तुम्हाला माहीत आहेच.

ज्या वर्षी टाइमशीट वाचून मी भरीत हरले, त्या वर्षी हॉस्टेलच्या वॉचमनकाकांनी जुनी गुणतालिका बघून 'मर्सिडीज' म्हटलं असतं तरी ते जिंकले असते. मला हे कळलं तेव्हा खरंच राग आला, स्वतःचाच.

तुम्ही म्हणाल, नियम तेच असले की गाड्याही त्याच, मग क्रम कसा बदलेल? रास्त शंका. मग नियम मोठ्या प्रमाणावर बदलले ती वर्षं घेऊ. २०२२ मध्ये गाडीच्या तळाखालून हवा खेचणारी रचना आली, गाड्या नव्याने आखाव्या लागल्या. २०२१ आणि २०२२च्या तालिका शेजारी ठेवून हाच हिशोब केला तर सहसंबंध ०.७९, सरासरी चूक १.६ जागा. वरच्या तीन टीम त्याच तीन राहिल्या, आपापसांत जागा बदलल्या इतकंच. २०१४ मध्ये इंजिनच बदललं, व्ही-८ जाऊन टर्बो हायब्रिड आलं. तेव्हा अकरा टीम होत्या. सहसंबंध ०.७०, सरासरी चूक पुन्हा १.६च्या आसपास. आणि २००९? तिथे आळशी अंदाजाचे तीनतेरा वाजतात. सहसंबंध ०.१४, सरासरी चूक ३ जागा. दहा नावांच्या चिठ्ठ्या करून डोळे मिटून उचलल्या तर सरासरी चूक ३.३ येते. म्हणजे त्या वर्षी गेल्या हंगामाची तालिका आणि चिठ्ठ्या यांत फारसा फरक नव्हता.

इथे थांबून एक कबुली. ही वर्षं मी निवडलेली आहेत. २०१९ कारण तेव्हा मी हरले, बाकीची तीन कारण तेव्हा नियम बदलले. यावरून 'फॉर्म्युला वनमध्ये बेसलाइन अमुक इतकी चालते' असा नियम काढायचा नाही. चार वर्षांवरून काहीच ठरत नाही. सगळ्या वर्षांच्या तालिका सहज मिळतात, एक रविवार लावून काढून बघा. पण एवढं नक्की म्हणता येतं की कोणत्याही हुशार भाकिताला आधी हा आळशी माणूस हरवावा लागेल, आणि तो दिसतो तितका लेचापेचा नाही.

हीच गोष्ट मला माझ्या कामात शिकायला लागली. मी अमोनिया ओळखणाऱ्या सेन्सरवर काम करते, टिन ऑक्साइडच्या पातळ थरांवर. सेन्सरचा रोध रोज थोडा सरकतो, आणि उद्या तो किती असेल हे सांगणारं मॉडेल मी बनवलं होतं. आर्द्रता, तापमान, हीटरचा व्होल्टेज असे अकरा इनपुट, रँडम फॉरेस्ट, आलेख देखणा. प्रगती-सेमिनारला ०.९६ चा आर-वर्ग दाखवताना माझी मान ताठ होती. सेमिनार संपल्यावर गाइड मॅडमनी शांतपणे विचारलं, "अगं, आज जी व्हॅल्यू आहे तीच उद्या राहील असं धरलंस तर किती चूक येते?" मी म्हटलं, "मॅडम, ते काढलं नाही." "काढ की मग. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. 'उद्या आजच्यासारखाच' या अंदाजाची चूक माझ्या अकरा इनपुटवाल्या मॉडेलपेक्षा कमी निघाली. रोध रोज इतका थोडा सरकत होता की आर-वर्ग कोणाचाही भारी आला असता. त्या रात्री मी मेसला जेवले नाही. आणि एवढ्यावर थांबलं नाही. डेटा सगळा जानेवारीचा. एप्रिलच्या शेवटी जळगावचा पारा ४४-४५ला गेला तेव्हा मॉडेल पार कोलमडलं, कारण असं तापमान त्याने कधी पाहिलेलंच नव्हतं. बार्सिलोनाच्या फेब्रुवारीतल्या थंडीवरून मेलबर्न सांगणाऱ्यांना हसण्याचा अधिकार मी त्या दिवशी गमावला.

याच प्रश्नाची एक थोर आवृत्ती आपल्या घरातलीच आहे. पुण्याचे शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये मान्सूनच्या अंदाजासाठी १६ घटकांचं मॉडेल आलं. पुढे बरीच वर्षं भारतीय हवामान खात्याचे अंदाज त्यावर बेतलेले असत, आणि ते बरोबर येतात असा लौकिक होता. पण १९८८ ते २००१ या काळात देशभराच्या पातळीवर एकही दुष्काळी पावसाळा झालाच नव्हता. दरवर्षी 'दुष्काळ नाही' एवढंच म्हणणारा आळशी माणूससुद्धा चौदाच्या चौदा वर्षं पास झाला असता. कस लागला २००२ला. अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा, प्रत्यक्ष पाऊस ८१ टक्के. त्यानंतर २००३ मध्ये खात्याने मॉडेल बदललं. मी गोवारीकरांना कमी लेखत नाही. उलट, चूक आकड्यांत मोजता आली आणि जाहीरपणे मॉडेल बदलावं लागलं, कारण अंदाज आकड्यांत दिलेला होता. आजही खात्याचा एप्रिलमधला अंदाज टक्क्यांत येतो आणि त्यासोबत 'कमी-जास्त ५ टक्के' हेही छापलेलं असतं. याउलट दर आखाजीला आपल्याकडे भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत गावोगाव पोचतं. पीक साधारण, पाऊस मध्यम, राजा कायम. दिवाळीला ते परत उघडून कोण पाहतं?

रेसिंगची रँकिंगं या दुसऱ्या जातीची आहेत. 'मर्सिडीज आघाडीवर, पण फेरारी धक्का देऊ शकते, आणि रेड बुलला विसरून चालणार नाही.' तीन टीम, तिन्हींची नावं घेतली, कोणीही जिंको, लेख बरोबर. ज्याला चुकताच येत नाही त्याला अंदाज कसा म्हणायचा? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'या पद्धतीमुळे अचूकता वाढण्याची शक्यता आहे' असं वाक्य असेल तर तेही याच घराण्यातलं. कशापेक्षा, किती, आणि कितीच्या खाली आली तर तुम्ही हार मानाल?

सगळंच टाकाऊ आहे असं नाही, आणि टीका करताना हे लिहायलाच हवं. काही विश्लेषक एका लॅपकडे बघतच नाहीत. गाडी सलग पंधरा-वीस लॅप पळते तेव्हा वेळ कसा वाढत जातो, टायर किती लवकर मरतो, ते मांडतात. तिथे इंधनाची भर किती होती हे नेमकं कळलं नाही तरी उताराचा कल कळतो. हे लळिंगच्या घाटाच्या जवळचं काम आहे. पण अशी माणसंही शेवटी दहा टीमची एक सरळ यादी काढतात, पहिला ते दहावा, जणू चौथ्या आणि पाचव्यातलं अंतर आणि नवव्या-दहाव्यातलं अंतर सारखंच. चौथा ते सातवा यांत फरक सांगता येत नसेल तर 'चौथा ते सातवा, सांगता येत नाही' असं लिहा ना. वाचकाला ते आवडत नाही म्हणे. परीक्षकाला आवडतं, एवढं मी सांगू शकते.

आता महिंद्राबद्दल, कारण त्यांच्यावर माझा जीव आहे आणि तिथे मी दुसऱ्यांदा फसले. फॉर्म्युला ई ही विजेवर चालणाऱ्या गाड्यांची स्पर्धा २०१४ला सुरू झाली, आणि मुंबईच्या महिंद्राची टीम पहिल्या हंगामापासून तिच्यात आहे. टीमचा कारखाना इंग्लंडमध्ये बॅनबरीला, पण नाव आपलं. साक्री रोडवर बोलेरो बघत मोठ्या झालेल्या मुलीला अजून काय पाहिजे. २०२२-२३च्या हंगामात 'जेन थ्री' ही संपूर्ण नवी गाडी आली. डिसेंबरमध्ये स्पेनला वॅलेन्सियाजवळ टेस्टिंग झाली आणि तिथे मासेराती टीमचा मॅक्सिमिलियन गुंथर सगळ्यात वेगवान होता. वॅलेन्सियाचं सर्किट रुंद, कायमस्वरूपी, गुळगुळीत. फॉर्म्युला ईच्या बऱ्याच रेस शहराच्या रस्त्यांवर, भिंतींच्या मधून. मासेराती पहिल्या अनेक रेसमध्ये गुणांसाठी झगडत राहिली.

१४ जानेवारी २०२३, मेक्सिको सिटी, हंगामाची पहिली रेस. आपल्याकडे संक्रांतीच्या आदली रात्र, मी जागीच. महिंद्राचा लुकास डी ग्रासी पोल पोझिशनवर, आणि रेसमध्ये तिसरा. मी दादाला मध्यरात्रीच मेसेज टाकला, यंदा आपली! टेस्टिंगवरून भाकीत करायचं नाही हे शिकले होते, मग मी एका रेसवरून केलं. फरक काय, नमुन्याचा आकार तोच, एक. २५ फेब्रुवारीला केपटाउनला महिंद्राने मागच्या सस्पेन्शनच्या सुरक्षेच्या शंकेवरून रेसमधून माघार घेतली, आणि त्यांचंच मोटर तंत्र वापरणाऱ्या आब्ट टीमलाही माघार घ्यावी लागली. चार गाड्या गॅरेजमध्ये. हंगामाअखेर महिंद्रा दहावी, आब्ट अकरावी आणि शेवटची.

इथे नियमांचं पुस्तक वाचलं असतं तर बरंच काही आधी कळलं असतं. फॉर्म्युला ईमध्ये मोटर, गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन वगैरे यंत्रणा एकदा मंजूर करून घेतली की दोन हंगाम तीच वापरायची असते. म्हणजे २०२३-२४ला महिंद्राने चालक बदलले, निक डी व्रीस आणि एदुआर्दो मोर्तारा आले, पण कणा तोच. आळशी अंदाज म्हणाला असता, पुन्हा दहावी. आली दहावीच. मग २०२४-२५ला गाडीची सुधारित आवृत्ती आली, नवी यंत्रणा मंजूर करून घेण्याची मुभा मिळाली. चालक तेच दोघे. महिंद्रा थेट चौथी!

मला यातली दोन वर्षांची कुलूप-किल्ली फार महत्त्वाची वाटते. गेल्या वर्षीची तालिका कधी चालेल आणि कधी मोडेल, हे स्टॉपवॉच सांगत नाही. काय बदलायला परवानगी आहे, हे वाचलं तर थोडंफार कळतं. तुमच्या विषयातही असं एक नियमांचं पुस्तक असतं. माझ्यात ते टिन ऑक्साइडचं रसायन आहे. हीटरचं तापमान बदललं की कालचा रोध आजचा राहत नाही, हे मला आधीच माहीत होतं, पण मॉडेलच्या नादात मी ते बाजूला ठेवलं.

दुसऱ्यांवर एवढं बोलल्यावर माझा स्वतःचा अंदाज न देणं बरं दिसणार नाही. २०२६ला फॉर्म्युला वनमध्ये गाडी आणि इंजिन दोन्हींचे नियम एकदम बदलताहेत, आणि टीम अकरा होताहेत. टेस्टिंग व्हायच्या आत हे लिहिते आहे. माझी बेसलाइन २०२५ची तालिका: मॅक्लारेन, मर्सिडीज, रेड बुल, फेरारी, विल्यम्स, रेसिंग बुल्स, ॲस्टन मार्टिन, हास, साउबर, अल्पिन. साउबरच्या जागी आउडी वाचायचं, नवी कॅडिलॅक अकरावी. यात मी फक्त एक बदल करते. अल्पिनला दहाव्यावरून सातव्यावर आणते, आणि त्यामुळे ॲस्टन, हास, आउडी एकेक जागा खाली.

का? अल्पिन रेनॉचं इंजिन सोडून मर्सिडीजचं घेते आहे, आणि २०२५च्या गाडीवरचं काम लवकर थांबवून त्यांनी नव्या गाडीला जोर लावला. २००८ला होंडानेही जुनी गाडी अशीच वाऱ्यावर सोडली होती, आणि तीच टीम मर्सिडीजचं इंजिन लावून ब्रॉन म्हणून नवव्यावरून पहिली आली. २०१४ला विल्यम्स रेनॉकडून मर्सिडीजकडे गेली, नवव्यावरून तिसरी. दोन उदाहरणं मिळाली की माणूस लगेच सरळ रेषा ओढतो, म्हणून उलट बाजूचीही शोधली. त्याच २००९ला फोर्स इंडियानेही मर्सिडीजचं इंजिन घेतलं होतं, दहाव्यावरून नववी, बस. २०२१ला मॅक्लारेनने घेतलं, तिसऱ्यावरून चौथी. म्हणून सातवी म्हणते, तिसरी नाही.

आणि चूक किती धरू? नियम बदललेल्या तीन वर्षांत १.६, १.६ आणि ३. मी सरासरी चूक २.० जागा धरते. अल्पिन आठव्यात आली नाही तर माझा बदल फुकट, आळशी माणूस जिंकला असं मानायचं. हे सगळं लिहून दादाला पाठवलं आहे, तारखेसकट. हंगाम डिसेंबरमध्ये अबूधाबीला संपतो. हरले तर भरीत माझ्याकडून, आणि या वेळी वांगी हंगामातली असतील.